दादा उठत का नाही?

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालं की वाघोलीचं ट्रॅफिक जागं व्हायच्या आत पुणं सुटतं. शिरूरला चहा, मग सुप्याहून पारनेरचा रस्ता, की साडेआठ-नऊला गावात. महिन्यातून एकदा हा माझा ठरलेला कार्यक्रम. आई-बाबा आता माझ्याकडे पुण्यातच असतात. गावच्या घरात राहिलेत ते काकू आणि दादा.

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मी पोचतो तेव्हा तो ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसलेला असतो. "आलास का?" एवढं विचारतो. मी "हो" म्हणतो. मग तो परत समोरच्या कडुलिंबाकडे बघत बसतो. आणि आतून काकूचा आवाज येतो, "बघ बाबा, नऊ वाजले, अजून दात घासले नाहीत ह्यानं. सांग तू तरी काहीतरी!"

वीस वर्षं मी 'काहीतरी' सांगत आलोय. आज त्याबद्दल लिहायचंय. जरा लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी दादाविषयी. दादानं नगरला राहून डिप्लोमा केला. गणितात असा हुशार, की मी दहावीत असताना बीजगणित त्यानंच शिकवलं. 'क्ष म्हणजे कोण हे विचारू नको, क्षला एकटं पाड, तो आपोआप बोलतो,' हे त्याचं वाक्य. मी आज कॉम्प्युटरवर पोट भरतो त्याचं निम्मं श्रेय त्याला. २००१ साली त्याला आवाज ऐकू यायला लागले. शेजारचे आपल्याविषयी बोलतात, रेडिओतून आपल्याला निरोप येतात, असं म्हणायचा. मग जे गावाकडे होतं तेच सगळं झालं. देवऋषी झाला, लिंबू-नारळ झाले, दोन देवस्थानं झाली. या सगळ्यात दीड वर्ष गेलं. शेवटी नगरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. निदान झालं स्किझोफ्रेनिया. पुस्तकी मराठीत छिन्नमनस्कता. गोळ्या सुरू झाल्या आणि सात-आठ महिन्यांत आवाज थांबले.

घरात केवढा आनंद झाला! काकूनं सत्यनारायण घातला. सगळ्यांना वाटलं, संपलं एकदाचं. आता दादा नोकरीला लागेल, लग्न होईल...

तसं काही झालं नाही. दादा ओट्यावर बसला, तो बसलाच. भांडण नाही, आरडाओरडा नाही, आवाज नाहीत. फक्त उठणं नाही. आंघोळीला चार वेळा हाक मारावी लागते. सुरू केलेलं काम अर्ध्यात राहतं. मित्र आले तर बोलतो, पण स्वतःहून कुणाकडे जात नाही. गावानं निदान बदलून टाकलं : "येडा होता तो बरा झाला, आता नुसता आळशी झालाय."

आणि खरं सांगतो, मलाही तेच वाटायचं. २०११ साली मी त्याला पुण्याला घेऊन आलो. ओळखीनं डाटा एंट्रीचं काम मिळवून दिलं. नऊ दिवस गेला. दहाव्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठेना. मला हिंजवडीला जायचं होतं, रिलीज होतं त्या दिवशी. मी उंबऱ्यात बूट घालता घालता त्याला म्हणालो, "तुला नुसतं फुकट खायला पाहिजे." तो काही बोलला नाही. संध्याकाळी घरी आलो तर त्यानं बॅग भरून ठेवली होती. मी शिवाजीनगरहून त्याला एसटीत बसवून दिलं. आणि हो, मनातल्या मनात सुटकेचा श्वास पण सोडला.

हे वाक्य मी पुढे तेरा वर्षं आरामात विसरून गेलो होतो.

मग आला २०२४चा पावसाळा. पुण्यात त्या वर्षी चिकुनगुन्यानं धुमाकूळ घातला होता, आमच्या सोसायटीत घरटी एक पेशंट. मीही सापडलो. ताप, आणि सांधे असे धरलेले की ब्रशवर पेस्ट पिळता येईना. डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्टमध्ये एका ओळीला ठळक अक्षरं होती : सीआरपी ४६. बाजूला लिहिलेलं, ५ च्या आत असावं.

ताप आठवड्यात गेला. सांधे मात्र दुखत राहिले. आणि त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे इच्छा गेली. कंटाळा म्हणावा तर तसं नव्हतं, दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. लॅपटॉप समोर उघडा असायचा आणि मी बघत बसायचो. मित्राचा फोन वाजताना दिसायचा, उचलावा असं वाटायचं, पण हात जायचा नाही. आंघोळ म्हणजे एक प्रोजेक्ट वाटायचा : उठायचं, टॉवेल शोधायचा, बाथरूमपर्यंत जायचं, कपडे काढायचे... यादी मनात पूर्ण व्हायच्या आधीच मी दमायचो. असं जवळजवळ दीड महिना चाललं.

काकू मला बघायला पुण्याला आली होती. मी सोफ्यावर, भिंतीला पाठ लावून. माझ्याकडे बघून ती सहज हसत म्हणाली, "तुझं तर आमच्या दादावानी झालंय रं."

ती हसली. मला नाही हसू आलं.

कारण या दीड महिन्यात मला एकानंही आळशी म्हटलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, टेक केअर. आई म्हणाली, पडून राहा. बायकोनं पोरांना सांगितलं, बाबांना त्रास देऊ नका. का? तर माझ्याकडे एक कागद होता, ज्यावर ४६ लिहिलं होतं. दादाकडे असा कागद नव्हता.

मग मी वाचायला लागलो. (बग सापडत नसला की रात्री दोनला माणूस सगळे लॉग उपसत बसतो, तसं.) मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. जे समजलं ते माझ्या भाषेत मांडतो.

पहिली गोष्ट समजली ती ही, की 'उठत नाही' हा या आजाराचाच एक भाग आहे आणि डॉक्टरांना तो शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. जर्मनीच्या क्रेपेलिननं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या आजाराचं वर्णन केलं, त्यातच इच्छाशक्ती आटण्याचा उल्लेख आहे. १९०८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलरनं 'स्किझोफ्रेनिया' हे नाव दिलं. आवाज, संशय, भ्रम यांना पॉझिटिव्ह लक्षणं म्हणतात, म्हणजे जे नसायला हवं ते आलेलं. आणि बोलणं कमी होणं, चेहरा कोरा होणं, काही करावंसं न वाटणं ही निगेटिव्ह लक्षणं, म्हणजे जे असायला हवं ते गेलेलं. १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन आणि नंतरची औषधं आली, त्यांनी आवाजांना चांगलाच लगाम घातला. निगेटिव्ह लक्षणांवर मात्र ती फारशी चालत नाहीत. म्हणजे आमच्या घरात २००३ साली जो सत्यनारायण झाला तो अर्ध्या आजाराचा झाला होता, आणि उरलेल्या अर्ध्याला आम्ही स्वभाव समजत होतो.

आता इच्छा जाते म्हणजे नेमकं काय जातं? यासाठी संशोधकांनी एक फार साधी टेस्ट बनवली. २००९ मध्ये मायकेल ट्रेडवे आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. समोर कॉम्प्युटर. दोन कामांतून एक निवडायचं. सोपं काम : सवयीच्या हाताच्या तर्जनीनं ७ सेकंदांत ३० वेळा बटण दाबायचं, बक्षीस १ डॉलर. अवघड काम : दुसऱ्या हाताच्या करंगळीनं २१ सेकंदांत १०० वेळा, बक्षीस १.२४ ते ४.३० डॉलर. काम पूर्ण केलं तरी बक्षीस नक्की नाही. मिळण्याची शक्यता कधी १२ टक्के, कधी ५०, कधी ८८, आणि ती आधीच सांगितलेली असते. (मी घरी करंगळीनं करून बघितलं. साठच्या पुढे करंगळी माझी राहत नाही.)

सर्वसाधारण माणूस काय करतो? बक्षीस मोठं आणि शक्यता जास्त असेल तर करंगळी झिजवतो, नाहीतर सोपं काम घेतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांवर अशा टेस्ट पुढे बऱ्याच ठिकाणी झाल्या. त्यांत दिसलं ते असं, की ही माणसं सगळीकडेच अंग चोरतात असं नाही. पण बक्षीस मोठं झालं, शक्यता वाढली, तरी त्यांची निवड त्या प्रमाणात वर सरकत नाही. फायद्याचा आकडा आत पोचतो, पण तो कष्टाच्या आकड्याशी नीट ताडला जात नाही. निगेटिव्ह लक्षणं जास्त असतील तर हे जास्त दिसतं.

आणखी एक गोष्ट वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. या लोकांना आनंद होत नाही असं आपण समजतो. प्रत्यक्षात हातात आलेल्या गोष्टीचा आनंद त्यांना बऱ्यापैकी होतो. कमी पडतो तो 'हे केलं तर मजा येईल' हा आधीचा आनंद, जो आपल्याला सोफ्यावरून उठवतो. दादाचं अगदी हेच! पारनेरच्या स्टँडवरची भेळ समोर ठेवली की चाटूनपुसून खातो, वर "मस्त आहे" म्हणतो. पण भेळ खायला चल म्हटलं तर ओट्यावरून हलणार नाही. आम्ही याचा अर्थ लावला होता, 'आयतं पाहिजे'.

आता यात माझा चिकुनगुन्या कुठून आला? तर इन्फ्लमेशनमधून. मराठीत दाह. गळू झालं की जागा लाल होते, तापते, सुजते, ठणकते, ते दाहाचं डोळ्याला दिसणारं रूप. न दिसणारं रूप रक्तात असतं. जंतू शिरले की रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची निरोप्या रसायनं सोडतात. त्यांतल्या आयएल-६ सारख्या निरोपावरून यकृत सीआरपी बनवायला लागतं. माझे ४६ तिथून आले. हे निरोप मेंदूलाही पोचतात आणि मेंदू हुकूम काढतो : पडून राहा, खाऊ नको, कुणात मिसळू नको, ताकद वाचव.

१९८८ मध्ये बेंजामिन हार्ट या अमेरिकन पशुवैद्यकाच्या प्राध्यापकानं यावर लिहिलं, की आजारी जनावराचं हे वागणं म्हणजे अशक्तपणा नव्हे, बरं होण्यासाठी शरीरानं काढलेला तो मार्ग आहे. हे आमच्या काकूला प्राध्यापकाशिवाय माहीत आहे. गाय वैरण सोडून कोपऱ्यात उभी राहिली, तर ती गाईला आळशी म्हणत नाही, डॉक्टरला फोन करते.

हा हुकूम मेंदूत नेमका कुठे लागू होतो, तेही बरंच कळलंय. हिपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉन अल्फाची इंजेक्शनं देत. ती मुळात रोगप्रतिकारक यंत्रणेचीच एक रसायन-आज्ञा. कित्येक पेशंटना त्यानं गळून गेल्यासारखं, उदास व्हायचं. त्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये बक्षिसाची चाहूल घेणारा जो भाग आहे, व्हेंट्रल स्ट्रायटम, तो थंडावलेला दिसला. माकडांना इंटरफेरॉन दिल्यावर त्यांच्या मेंदूत डोपामिन कमी सुटताना दिसलं. डोपामिन म्हणजे 'यात फायदा आहे, ऊठ' असं सांगणारं रसायन, असं ढोबळ मानून चला. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातला गट, अँड्र्यू मिलर, जेनिफर फेल्गर, डेव्हिड गोल्डस्मिथ वगैरे मंडळी, याच धाग्यावर काम करत स्किझोफ्रेनियापर्यंत पोचली. या आजारातल्या बऱ्याच लोकांच्या रक्तात दाहाच्या खुणा सरासरीपेक्षा जास्त सापडतात, आणि ज्यांच्यात त्या जास्त, त्यांच्यात इच्छा कमी, असा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

म्हणजे असं असू शकतं, की दादाच्या शरीरात कुठेतरी एक बारीक, न दिसणारा ताप वर्षानुवर्षं चालू आहे. आणि त्याचा मेंदू इमानदारीत तोच हुकूम पाळतोय : पडून राहा.

थांबा. इथेच मला पहिल्यांदा 'सापडला बग!' असं झालं होतं, आणि इथेच मी घसरलो असतो. म्हणून पुढचं सगळ्यात महत्त्वाचं.

संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. वजन वाढलं की सीआरपी वाढतं, बिडीनं वाढतं, किडलेल्या हिरड्यांनी वाढतं. आणि स्किझोफ्रेनियाच्या काही औषधांनी वजन नि साखर वाढते. मग आधी दाह, नंतर बसून राहणं, की आधी बसून राहणं, नंतर दाह? दोन्ही बाजूंनी चाक फिरत असेल. शिवाय इच्छा जायला इतर कारणंही भरपूर आहेत : औषधाची सुस्ती, सोबतचं नैराश्य, थायरॉइड, आणि वीस वर्षं कुणी काही न विचारणं.

औषधाचं म्हणाल तर तिथेही थंड पाणी. मिनोसायक्लिन हे जुनं अँटिबायोटिक दाह कमी करतं, म्हणून इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या २०७ लोकांवर वर्षभर चाचणी झाली. बेनेमिन असं तिचं नाव. २०१८ मध्ये निकाल आला : निगेटिव्ह लक्षणांवर काही फायदा नाही. त्याआधी २०१३ मध्ये एमरीच्याच गटानं औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० पेशंटवर इन्फ्लिक्सिमॅब हे दाहविरोधी औषध वापरून पाहिलं होतं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फायदा शून्य. पण ज्यांचं सीआरपी ५ च्या वर होतं त्यांच्यात सुधारणेकडे कल दिसला, आणि ज्यांचं कमी होतं त्यांना उलट साध्या सलाइनवाल्यांपेक्षाही कमी बरं वाटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच पॅच सगळ्या सर्व्हरवर मारायचा नसतो, ज्याच्या लॉगमध्ये ती एरर आहे त्याच्यावरच मारायचा. स्किझोफ्रेनियात हे गणित अजून जुळायचंय. तेव्हा कृपा करून घरच्या माणसाला मेडिकलमधून सुजेच्या गोळ्या आणून देऊ नका, आणि चालू गोळ्या तर मनानं अजिबात बंद करू नका. आवाज परत येतात, आणि ते परत आले की माणूस आणखी मागे जातो.

हे सगळं डोक्यात घेऊन मी दिवाळीनंतर दादाला नगरला डॉक्टरांकडे नेलं. मी प्रश्नांची यादीच काढली होती (दोन पानं, आमचा धंदाच तो). डॉक्टर शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "शेवटची साखर कधी तपासली होती?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. वीस वर्षांत काकूनं गोळी एकदाही चुकवली नव्हती, पण दादाचं रक्त कुणीच तपासलं नव्हतं. मीही नाही.

रिपोर्ट आले. सीआरपी ७ च्या आसपास. साखर वाढलेली, म्हणजे चक्क डायबेटिस. दाताच्या डॉक्टरांकडे नेलं तर हिरड्यांत पू. मला वाटलं, सीआरपीचा आकडा धरून डॉक्टर काहीतरी मोठं सांगतील. ते म्हणाले, "एका आकड्यावरून मनाबद्दल काही ठरवता येत नाही. पण साखर, हिरड्या, बिडी आणि वजन या चार गोष्टींवर आजच काम करता येतं, आणि ते केलंच पाहिजे. मन सुधारेल की नाही ते बघू, आयुष्य तरी वाढेल." स्किझोफ्रेनिया असलेली माणसं इतरांपेक्षा लवकर जातात आणि त्यात हृदयविकार-डायबेटिसचा मोठा वाटा असतो, हे मी वाचलं होतं. ते आमच्याच ओट्यावर बसलंय हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी गोळीचा डोसही थोडा बदलला. आणि एक कागद करायला सांगितला, दिव्यांगत्वाचा दाखला. त्या कागदानं माझे डोळे उघडले. मानसिक आजारासाठी आपल्याकडे 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात, भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं तयार केलेली. चार रकाने : स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, बोलणं-समजणं, काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण, आणि आजार किती वर्षं आहे त्याचे वेगळे गुण. आवाज ऐकू येतात का, हा रकानाच नाही! आंघोळ करतो का, लोकांत मिसळतो का, काम टिकतं का, हेच मोजतात. म्हणजे ज्याला अख्खं गाव आळस म्हणत होतं, ते सरकारी फॉर्मवर अपंगत्व म्हणून छापलेलं होतं. माझा सीआरपीचा कागद मिळायला दोन दिवस लागले. दादाला त्याचा कागद मिळायला तेवीस वर्षं.

परत येताना काकू गाडीत एकच वाक्य बोलली, "माझ्यामागं ह्याचं कसं?" मी काही उत्तर दिलं नाही. नगरजवळच शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची 'माउली' आहे. रस्त्यावर सापडलेल्या, मानसिक आजार असलेल्या बेघर बायका आणि त्यांची मुलं तिथं राहतात. रस्त्यावरच्या माणसांना घरचं जेवण नेऊन देण्यापासून या दांपत्यानं सुरुवात केली होती. त्या बायकांना पण कुठेतरी घर होतंच की. काकू नसती तर दादा आज कुठल्या स्टँडवर असता, हा विचार त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण केला. आधी कायम अर्ध्यात सोडायचो.

'देवराई' बघितलाय का? २००४चा, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा, अतुल कुलकर्णीचा. त्या सिनेमामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक, घरात बायकोला स्किझोफ्रेनिया. त्यांनी पुण्यात 'सा' ही संस्थाही उभी केली, पेशंट आणि घरच्यांसाठी. मी तो सिनेमा थिएटरात बघितला होता, रडलोही होतो. आणि सात वर्षांनी उंबऱ्यात उभं राहून ते वाक्य बोललो. सिनेमातला शेष कळणं सोपं असतं, आपल्या घरातला कळत नाही.

असो. मग आम्ही काय बदललं? खरं तर फार काही नाही. त्या टेस्टनं एक शिकवलं, की बक्षीस वाढवून उपयोग नाही, कारण तो आकडा कष्टाशी नीट ताडलाच जात नाही. "आंघोळ कर, बरं वाटेल", "काम कर, पैसे मिळतील" हे सगळं बक्षीस वाढवणंच झालं. त्यापेक्षा कष्ट कमी करायचे. काकू आता हाका मारत नाही. पाणी काढून, टॉवेल-कपडे बाथरूममध्ये ठेवून येते आणि म्हणते, "पाणी काढलंय." दहा पायऱ्यांतल्या आठ तिनं केलेल्या असतात. 'काय करायचंय तुला?' असा उघडा प्रश्न आम्ही विचारत नाही. मी गेलो की चप्पल त्याच्या पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, "चल, चाळीपर्यंत." कांद्याच्या चाळीत मी शेजारी बसून सडके कांदे निवडायला लागलो की तोही लागतो. मी उठलो की थांबतो. सध्या एवढंच.

चमत्कार झालेला नाही. साखर खाली आली, हिरड्या बऱ्या झाल्या, बिड्या बंडलावरून चार-पाचवर आल्या. सीआरपी परत केलं नाही, डॉक्टर म्हणाले गरज नाही. आठवड्यातले चार-पाच दिवस पहिल्या हाकेत आंघोळ होते. हे दाह कमी झाल्यामुळे, की डोस बदलल्यामुळे, की ओरडणं थांबल्यामुळे? माहीत नाही. तिन्ही एकदम बदललं, त्यामुळे टेस्टिंगच्या दृष्टीनं हा प्रयोग एकदम भिकार आहे :)

मागच्या महिन्यात चाळीत बसलो असताना मी त्याला २०११ बद्दल बोललो. म्हटलं, "दादा, पुण्यात मी तुला एकदा फार वाईट बोललो होतो. चुकलं माझं."

तो कांदे निवडत राहिला. मला वाटलं, ऐकलं नसेल. थोड्या वेळानं म्हणाला, "आठवतंय." मग एक कांदा दाबून बघितला, बाजूला टाकला, आणि म्हणाला, "उठायचं होतं मला. तू बूट घालायच्या आधीपासून उठायचं होतं."

मी पुढे काही विचारलं नाही.

काल परत गेलो होतो. नऊ वाजलेले, दादा ओट्यावर, तोच शर्ट. काकू आतून "बघ बाबा..." एवढं म्हणाली आणि थांबली. मग बंबातलं पाणी बादलीत पडल्याचा आवाज आला. मी चप्पल काढली, ओट्यावर दादाच्या शेजारी बसलो आणि कडुलिंबाकडे बघत राहिलो. पाच-सात मिनिटं गेली असतील.

"पाणी काढलंय," काकू म्हणाली.

दादानं एक हात भिंतीला टेकवला.